वाचनकक्षातल्या प्रतिक्रिया

आमच्या वाचनालयाच्या ब्लॉगवर प्रतिक्रिया लिहिणारी माणसं मार्चमधल्या एका मंगळवारपासून वाचनकक्षात येऊन बसू लागली. त्या दिवशी सकाळी आठला मी कुलूप काढलं तेव्हा आत एक गृहस्थ होते. दाराजवळच्या बाकावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, दवाखान्यात नंबर लावून बसतात तसे.

"आपण आत कसे आलात?" मी विचारलं.

"मी प्रतिक्रिया दिली," ते म्हणाले. "काल संध्याकाळी. तुमच्या कसरीच्या लेखावर."

मी संगणक सुरू केला. प्रतिक्रिया होतीच. पुस्तकांना लागणाऱ्या कसरीबद्दल मी लिहिलं होतं आणि खाली परभणीच्या दिगंबर सोळंके यांनी विचारलं होतं, की कडुनिंबाचा पाला पुस्तकात ठेवला तर पानांवर डाग पडतात, त्याला काय करावं. मी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं. पाला सावलीत पुरता वाळवा, मलमलच्या पुरचुंडीत बांधा आणि पुस्तकात न ठेवता फळीच्या कोपऱ्यात ठेवा. उत्तर प्रसिद्ध झालं तसे सोळंके उठले, मला नमस्कार केला आणि दारातून बाहेर पडले. मी मागोमाग गेले. रस्त्यावर ते दिसले नाहीत, पण समोर दुधाची गाडी उभी होती, तिच्या आडही असतील.

मी मालन वाघोले. निंबशेतच्या सार्वजनिक वाचनालयात एकोणीस वर्षं नोकरी करते, त्यातली शेवटची आठ ग्रंथपाल म्हणून. ब्लॉग सुरू करून दोन वर्षं झाली. जिल्ह्याच्या गावी ग्रंथपालांचं शिबिर होतं, तिथं शिकवायला आलेल्या मॅडमनी आम्हा चाळीस जणांना सांगितलं होतं, की वाचनालयात जे घडतं ते रोज थोडं थोडं लिहा, वाचक आपोआप येतील. चाळीसपैकी दहाबारा जण लिहू लागले. आम्ही एकमेकांचं वाचायचो. मी लिहायची ते साधंच असायचं. सुटलेली शिवण कशी घालायची, एकाच कथेच्या शेवटावरून दोन वाचकांचं कसं भांडण झालं, असलं काहीतरी.

बुधवारी तिघं आले. शुक्रवारी सात.

रमजानभाई शिकलगार आमचे शिपाई. माझ्याही आधीपासून ते इथं आहेत. शुक्रवारी बाकं पुसून ते काउंटरपाशी आले.

"मॅडम, आज सात जण आहेत. सगळ्यांना पाणी विचारलं. एक जण म्हणतो, पाणी नको, उत्तर द्या."

"बरं."

"आणि खिडक्या आठ झाल्यात. नव्या दोन्हीच्या कड्या घट्ट आहेत, तेल सोडतो."

वाचनकक्षाला सहा खिडक्या होत्या. मी मोजल्या, आठ भरल्या. खोली लांबली होती. दार एका टोकाला आणि माझं काउंटर दुसऱ्या टोकाला. त्यांच्यामध्ये दोन खिडक्या, दोन पंखे आणि एक बाक वाढलं होतं. बाहेरून इमारत होती तेवढीच होती. पलीकडे शिंप्याचं दुकान, अलीकडे पाण्याची टाकी, मध्ये आम्ही. नव्या खिडक्यांतूनही शिंप्याचंच दुकान दिसत होतं, फक्त जरा उशिराचं. दाराजवळच्या खिडकीत शिंपी शटर वर ढकलत होता. माझ्या जवळच्या खिडकीत तो डबा उघडून जेवायला बसला होता.

त्या दिवशी मला वार्षिक अहवाल लिहायचा होता, म्हणून मी सातही जणांना एकच उत्तर चिकटवलं: "धन्यवाद! असाच लोभ असू द्या." सातही जण अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. पंगतीला बोलावून मग थांबा म्हटलेल्या पाहुण्यांसारखे त्यांचे चेहरे झाले.

"धन्यवादानं कुणी उठत नाही," त्यांच्यातले एक जण म्हणाले. हे दळवी, कोकणातल्या एका वाचनालयाचे ग्रंथपाल. शिबिरात ते माझ्या मागच्या रांगेत होते.

"तुमच्याकडेही येतात का?" मी विचारलं.

"पावसाळ्यात जास्त."

"आत्ता तुम्ही इथं आहात. मग तिकडे वाचनालयात कोण आहे?"

"मीच आहे," दळवी म्हणाले. "आज पुस्तकं बांधायला काढलीत. खळ घट्ट झालीय, त्यामुळे तिकडे जरा चिडलोय."

मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले. "आणि प्रतिक्रिया पुसून टाकली तर?"

"मी एक पुसली होती. एकानं फार टोचून लिहिलं होतं. माणूस गेला, बाक राहिलं. त्या बाकावर आता कुणालाच बसता येत नाही. बसायला वाकतो माणूस, पण उभाच राहतो." मग ते म्हणाले, "मॅडम, माझं विचारलेलं राहिलंय."

पुस्तक आता दुरुस्त होणार नाही हे तुम्ही कशावरून ठरवता, असं त्यांनी विचारलं होतं. मी विचार करून लिहिलं: पान उलटताना आवाज यायचा बंद झाला, की ठरवते. दळवींनी ते दोनदा वाचलं, मान हलवली आणि गेले. उरलेल्या सहा जणांना मी एकेक करून उत्तरं दिली. संध्याकाळी दार लावताना खिडक्या सहाच होत्या.

महिनाभर हे असंच चाललं आणि खरं सांगायचं तर मला ते आवडू लागलं. आधी ब्लॉगवर नुसते आकडे यायचे. आता माणसं येत होती. ती खरं उत्तर मागायची आणि मिळालं की निघून जायची. रोजच्या पेपर वाचणाऱ्यांनाही त्यांची सवय झाली. जरा सरकून घ्या, म्हणायचे.

एप्रिलमध्ये वाचनालयाचा वर्धापनदिन असतो. त्या दिवशी मी ब्लॉगवर वाचनालयाचा थोडक्यात इतिहास लिहिला. त्यात एक वाक्य होतं: "आठ वर्षांपूर्वी सर्वांच्या सहमतीने संगणकीकरण झाले आणि ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आनंदाने जबाबदारी नव्या पिढीकडे सोपवली."

दुसऱ्या दिवशी दाराजवळच्या बाकावर ती बसली होती.

फिकट सुती साडी, घट्ट अंबाडा, पाठ बाकाला न टेकवता बसलेली. चेहऱ्याच्या जागी चेहरा नव्हता. जखम नव्हती की काही झाकलेलं नव्हतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळं सपाट होतं, न लिहिलेल्या कार्डासारखं. मी काउंटरवर येऊन ब्लॉग उघडला. एकच नवी प्रतिक्रिया होती. नावाच्या जागी 'अनामिक' असं होतं आणि खाली दोन ओळी:

"दाखल क्रमांक ४१०७ प्रवासवर्णनात नाही, चरित्रात हवा. तसेच 'सर्वांच्या' हा शब्द तपासून पाहावा."

रमजानभाई पाण्याचा ग्लास ठेवून आले. "त्यांना तोंड नाही, मॅडम. पण मी ठेवलंय."

मी उत्तर लिहिलं: "सूचनेबद्दल आभार. नोंद तपासली जाईल." अनामिक हललीसुद्धा नाही. अर्धवटही उठली नाही. मी मान वर केली तेव्हा आमच्यामध्ये तीन खिडक्या वाढल्या होत्या.

४१०७ म्हणजे एका नावाड्यानं सांगितलेल्या त्याच्या फेऱ्या. पातळ पुस्तक आहे, पाठीमागचं पान नाही. त्याच्यावरून अवसरेबाई आणि मी तीन दिवस वाद घातला होता. कुमुद अवसरे माझ्या आधीच्या ग्रंथपाल. मी त्यांची साहाय्यक होते. मी म्हणायची, हा माणूस सगळं आयुष्य फिरतोय, पुस्तक प्रवासवर्णनात घाला. बाई म्हणायच्या, "मालन, तो कुठं गेला हे त्यानं चार पानांत सांगितलंय. कशाला गेला हे सांगायला नव्वद पानं घेतलीत. चरित्रात." बाई ग्रंथपाल होत्या, तेव्हा ते चरित्रात गेलं. बाई वाचनालय सोडून गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी ते प्रवासवर्णनात हलवलं. हे बाईंना आणि मला सोडून तिसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं, आणि मी हलवलं हे तर बाईंनाही माहीत नव्हतं.

मी अनामिकला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी चौदा खिडक्या झाल्या, तिसऱ्या दिवशी सतरा. इतर माणसं येत होती, उत्तर घेऊन जात होती, त्यांच्या त्यांच्या खिडक्या त्यांच्याबरोबर जात होत्या. तिच्या तेवढ्या राहत होत्या. माझ्या काउंटरजवळच्या खिडकीत आता सकाळी आठलाच शिंप्याच्या दुकानात दिवा लागलेला असायचा. मी सकाळच्या कामाला बसायची आणि माझ्या टेबलावर संध्याकाळचा उजेड पडायचा. पेपर वाचणारे लोक दाराजवळच बसायचे, कुणी आत येईना. पुस्तक बदलायला आलेल्या एक बाई निम्म्या वाटेत बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, नंतर येते. घरी जायच्या वेळी दारापर्यंत पोचायला मला दहा मिनिटं लागायची, आणि शेवटी मला तिच्यासमोरून जावं लागायचं. मी तिच्याकडे न बघता चप्पल घालायची.

सोमवारी लोणकर सर आले. सर आमच्या वाचनालयाचे कार्याध्यक्ष, हायस्कुलातून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. काउंटरपाशी पोचेपर्यंत त्यांना धाप लागली होती.

"वाघोलेबाई, हे काय चालवलंय? गुरुवारी जिल्ह्याहून निरीक्षक येतायत. ते जागा मोजतात. आपल्या अनुदानाच्या अर्जात वाचनकक्ष चाळीस फूट बाय अठरा लिहिलाय."

"अठरा आहेच, सर."

"चाळीसचं बोला." त्यांनी मागे वळून पाहिलं. दार एखाद्या काडेपेटीएवढं दिसत होतं. "माहिती खोटी निघाली तर वाचनालयाचा वर्ग उतरेल. वर्ग उतरला की एक पद जाईल. पदं दोनच आहेत, तुम्ही आणि रमजान. कुणाचं जाईल ते तुम्हीच सांगा."

सर अजून दाराकडेच बघत होते.

"त्या शेवटच्या बाकावर कोण बसलंय?"

"एक प्रतिक्रिया आहे, सर. वर्धापनदिनाच्या लेखावरची."

सरांनी खिशातून मोबाइल काढून ती वाचली. वाचायला त्यांना वेळ लागला नाही. "हे जुनं उकरायचं काही कारण नाही," ते म्हणाले. "अवसरेबाईंचा आपण सत्कार केला होता. शाल दिली होती. फोटो आहे."

"हो, सर."

"मग पुसून टाका ती."

ते गेल्यावर मी त्या प्रतिक्रियेसमोरच्या खुणेवर बाण नेला. काढून टाकायचं का, असं संगणकानं विचारलं. मी मान वर केली. इतक्या लांबून दिसायला नको होतं, पण दिसलं. तिच्या साडीचे काठ पुसट होत होते. आधी पदराचा, मग निऱ्यांचा. ती तशीच ताठ बसून होती, दात काढून घ्यायला बसलेल्या माणसासारखी, दोन्ही हातांनी बाकाची कड धरून. मी 'नको' दाबलं. काठ परत आले, पण पहिल्याइतके गडद झाले नाहीत.

मंगळवारी आणि बुधवारी मी बाकी सगळ्यांना उत्तरं दिली. नवीन काही लिहिलं नाही, त्यामुळे नवीन कुणी आलं नाही. बुधवारी दुपारी वाचनकक्षात तिच्याशिवाय कुणी नव्हतं आणि खिडक्या एकवीस होत्या.

आता जे झालं होतं ते सांगते.

आठ वर्षांपूर्वी संगणक आला तेव्हा बाईंची नोकरी दोन वर्षं उरली होती. त्यांनी मला सांगितलं, "मला शिकव. चुकले तर ओरडायचं, लाजायचं नाही." रोज दुपारी वाचनालय बंद असताना मी त्यांना शिकवायची. बाई एका बोटानं टाइप करायच्या, पण चूक करायच्या नाहीत. तीन महिन्यांत त्यांनी तीनशे बारा पुस्तकांच्या नोंदी स्वतः केल्या. मग कार्यकारिणीची सभा झाली. विषय होता, नवीन व्यवस्था बाईंना झेपेल का. बाई दाराशी दाखल नोंदवही घेऊन उभ्या होत्या. लोणकर सरांनी मला विचारलं, "तुम्ही शिकवताय त्यांना. येतं का त्यांना?"

मी म्हटलं, "अजून वेळ लागेल, सर."

तीन शब्द. पुढचं सगळं त्या तीन शब्दांवर झालं. बाई महिन्याभरात नोकरीतून मोकळ्या झाल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "मालन, वरच्या फळीवरच्या पुस्तकांना ऊन लागतंय. पडदा शिवून घे." मी पडदा शिवून घेतला. बाई वर्ध्याला भाचीकडे गेल्या असं ऐकलं. मी पत्र लिहिलं नाही. पहिल्या वर्षी काय लिहावं सुचलं नाही, आणि नंतर इतके दिवस का लिहिलं नाही याचंच उत्तर द्यावं लागलं असतं.

बुधवारी दुपारी मी उत्तराची चौकट उघडली आणि लिहिलं, "त्या काळात काही गैरसमज झाले असण्याची शक्यता आहे." मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही, उलट कान होते ते धूसर दिसायला लागले. मी वाक्य खोडलं. कान परत आले.

मग लिहिलं, "त्या सभेला मी हजर होते."

त्या सपाट जागेवर डाव्या बाजूला एक भुवई आली. विरळ, शेवटाला जरा तुटलेली. ती मला ओळखता आली.

मी हात टेबलाखाली घेतले. रमजानभाई चहा घेऊन आले. त्यांनी संगणकाकडे पाहिलं, मग त्या टोकाकडे पाहिलं.

"एक भुवई आली," ते म्हणाले.

"रमजानभाई, बाई कुठं आहेत काही माहीत आहे?"

"वर्ध्याला आहेत म्हणतात. नाहीतर होत्या."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही, मॅडम. मी रोज त्यांच्यापुढे पाणी ठेवतो. संध्याकाळी ग्लास भरलेलाच असतो. पण कोमट असतो. कुणी दिवसभर हातात धरून ठेवल्यासारखा."

मी म्हटलं, "हे उत्तर सगळ्यांना दिसणार. सर वाचतील, निरीक्षकही वाचतील. काय होईल सांगता येत नाही. तुमचं पद..."

"माझं पद जाईल म्हणून थांबू नका," रमजानभाई म्हणाले. "आणि माझ्यासाठी म्हणून लिहूही नका. माझं नाव त्यात घालू नका एवढंच." त्यांनी कपाखालची बशी पुसली. "त्या दिवशी सभेला चहा घेऊन मीच आलो होतो. ऐकलं होतं मी."

"आठ वर्षांत तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाही."

ते गेले. त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

मी आणखी दोन वाक्यं लिहिली आणि त्या दिवशी तिथंच थांबले. दोन्ही भुवया झाल्या, नाक झालं. दारापर्यंत चालत गेले. समोरून जाताना मी पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. अजून डोळे नव्हते, त्यामुळे ती माझ्याकडे बघत नव्हती. मला त्याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. मी म्हटलं, "उद्या." तिनं मान किंचित तिरकी केली. बाई चुकीची नोंद वाचताना अशीच मान तिरकी करायच्या.

गुरुवारी अकराला निरीक्षक आले. उबाळे नावाचे, पन्नाशीचे, शांत गृहस्थ. लोणकर सर त्यांना घेऊन चालत काउंटरपर्यंत आले, वाटेत दोनदा बसले. उबाळेंनी नोंदवह्या पाहिल्या, दोन कपाटं उघडून पाहिली, चांगलं ठेवलंय म्हणाले. मग पिशवीतून मोजपट्टी काढली.

"चाळीस फूट ना?"

"तेवढंच असायला हवं," सर म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

उबाळेंनी पट्टीचं एक टोक रमजानभाईंच्या हातात दिलं. रमजानभाई ते घेऊन दाराच्या दिशेनं चालू लागले. मी चौकट उघडली. कालची वाक्यं तिथंच होती. मी पुढे लिहिलं:

"बाईंनी तीनशे बारा पुस्तकांच्या नोंदी स्वतः केल्या होत्या. त्यांतली एकही मला नंतर दुरुस्त करावी लागली नाही. सरांनी मला विचारलं तेव्हा मला हे माहीत होतं. मी म्हणाले, अजून वेळ लागेल."

मी वर पाहिलं. डोळे आले होते. ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्याखाली सुरकुत्या होत्या, आठ वर्षांपूर्वी नव्हत्या तेवढ्या. आता फक्त तोंडाची जागा रिकामी होती.

"शंभर फूट झाले," उबाळे म्हणाले. "पट्टी संपली. पुढे काय आहे?"

लांबून रमजानभाईंचा आवाज आला, "पुढे एक वाचक आहेत, साहेब. मग दार."

उबाळेंनी पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि पट्टी पुन्हा पहिल्यापासून लावली. लोणकर सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. "वाघोलेबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "बंद करा ते. आत्ता बंद करा, आपण नंतर बोलू. मी तुमच्या भल्याचं सांगतोय." ते चिडलेले नव्हते. विनवणी केल्यासारखा आवाज होता. मला त्यांची दया आली. त्या सभेत त्यांनी फक्त प्रश्न विचारला होता.

तेवढ्यावर प्रसिद्ध केलं असतं तरी चाललं असतं. खोटं त्यात काही नव्हतं. पण बाईंना तोंड नव्हतं, आणि काय राहिलंय ते मला माहीत होतं. ते मी कधी मनातसुद्धा पूर्ण वाक्यात म्हटलं नव्हतं. मी एका बोटानं टाइप केलं, कारण बाकीची बोटं हलेनात.

"मला ती खुर्ची हवी होती."

त्याखाली माझं नाव लिहिलं आणि प्रसिद्ध करा, हे दाबलं.

माझ्या मागे सरांचा मोबाइल वाजला. ते हळूहळू, अर्धवट मोठ्यानं वाचू लागले, आणि माझं शेवटचं वाक्य मी त्यांच्या आवाजात ऐकलं. उबाळेंनी मोजायचं थांबवलं. त्या टोकाला रमजानभाई हातातलं टोक सोडून बाजूला सरकले.

बाई उठल्या.

उत्तर मिळालेला माणूस उठतो, नमस्कार करतो आणि दारातून जातो. दार त्यांच्यापासून चार पावलांवर होतं. मी सगळ्यांना असंच जाताना पाहिलं होतं, म्हणून मीही उठून उभी राहिले आणि हात जोडले. बाईंनी पदर खांद्यावर सारखा केला. दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या वळल्या आणि काउंटरच्या दिशेनं चालू लागल्या.

एकही खिडकी कमी झाली नाही. बाई सावकाश चालत होत्या, दर खिडकीशी त्यांच्यावरचा उजेड बदलत होता, सकाळचा, मग दुपारचा, मग कललेला. सातव्या खिडकीपाशी त्या आल्या तेव्हा त्यांचे ओठ हलताना मला दिसले. त्या काहीतरी सांगत होत्या, एकच वाक्य असावं, पुन्हा पुन्हा. मी काउंटरच्या बाहेर आले. ऐकू येण्याइतक्या त्या अजून जवळ नव्हत्या.